पाव्हण्याला विचारा

कशेडीचा बोगदा सुरू झाला आणि आमच्या कोंडटेकवरून जाणारा घाटाचा जुना रस्ता ओस पडला. ट्रक गेले, एसट्या गेल्या, माकडं उरली. मग आले सायकलवाले. त्यांना असलाच रस्ता हवा असतो. चढ असावा, वळणं असावीत आणि गाडी एकही नसावी. मुंबईच्या गोदामात बारा वर्षं खोकी उचलून परत आलेला मी. मी घराच्या दोन खोल्या झाडून त्यांना दिल्या. पहिल्या दिवशी महाडहून तुडीलकडचा नदीकाठ, दुसऱ्या दिवशी घाट, आणि पुढे वाट दाखवायला मी स्वतः सायकलवर. घाट चढून झाला की दर खेपेला कोणीतरी म्हणतंच, "काय शांतता आहे हो तुमच्याकडे!" मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. शांतता म्हणे. येऊन राहा म्हणावं आमच्या घरात दोन वर्षं.

आम्ही वाळीत आहोत. मी आणि माझी आई, तुळजाबाई.

दोन वर्षांपूर्वी शिमग्यात देवाची पालखी रस्त्यावर होती आणि माझे चार सायकलवाले उतारावरून सुसाट आले. थांबले नाहीत, पायातलं काढलं नाही, पालखीला घासून गेले. चूक माझी होती, मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. देवापुढे नारळ ठेवून हात जोडायला मी तयार होतो. पण गावकीचा पुढारी भिकाजी भर सभेत म्हणाला, "नाक घास." माझी जीभ सुटली. "रस्ता सरकारचा हाय, तुमच्या बापाचा नाय!" झालं. वाळीत टाकायला हात वर करा म्हणाले. पहिला हात वर गेला तो माझ्या सख्ख्या चुलत्याचा, हैबतीकाकाचा. मुंबईला गेलेल्या गावकऱ्यांच्या मंडळानं फोनवरून री ओढली. ह्या घराशी कोणी बोलायचं नाही, आणि जो बोलेल तोही वाळीत.

ह्याविरुद्ध कायदा आहे, मला ठाऊक आहे. पण तक्रारीचं नाव काढलं की आई ताटावरून उठते. "गावाला तुरुंगात घालशील, मंग ऱ्हाशील कुणासंगं?" तीच आई गेल्या पावसात अंगणात घसरून पडली. काका आपल्या पडवीत उभा होता. आमची घरं एकाच भिंतीची, दोन पडव्यांच्या मधे फक्त कुडाचा आडोसा. तो बघत राहिला, आणि मी तिला एकट्यानं उचलून आत नेलं. हे मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

माघात पुण्याचा विनीत एकटाच आला. गुणी पोरगा, पण उतारावर ब्रेक लावायला त्याला लाज वाटते. पावसाळ्यात दरडीची खडी रस्त्यावर आली होती ती अजून कोणी काढलेली नाही. गाड्याच नाहीत तर काढणार कोण? त्या खडीवर त्याचं चाक सटकलं आणि तो सायकलीसकट कठड्याच्या फटीतून खाली गेला, तीस-चाळीस फूट, करवंदीच्या जाळीत. मी उतरलो तर मांडीचं हाड मोडलेलं. कसाबसा फोन लागला, रुग्णवाहिका पोलादपूरहून निघाली. पण ती उभी राहणार वर रस्त्यावर. त्याला वर न्यायचं कुणी?

पलीकडच्या अंगाला गावची सहा माणसं भाताच्या राबात जाळायला कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडत होती. मी ओरडलो. कोयते थांबले, पण कोणी ओ दिली नाही. मग विनीत ओरडला, तेव्हा सहाही जण धावत आले. भिकाजी होता, हैबतीकाका होता. त्यांनी दोन सरळ दांडे तोडले, घोंगडी बांधली, पाच मिनिटांत डोली तयार केली. ह्या कामात आमच्या गावाचा हात धरणारा कोणी नाही, आडवाटेच्या वाड्यांतले आजारी असेच तर रस्त्याला लागतात. पण डोलीच्या दांड्यांना चार माणसं हवी होती, वरून दोर ओढायला दोन, मागून आधार द्यायला एक, आणि माणसं सहाच. सातवा मी.

भिकाजीनं विनीतकडे तोंड केलं. "पाव्हणं, तुमच्या मानसाला सांगा, मागचा दांडा धर म्हनावं."

विनीत वेदनेनं पांढरा पडला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं. "मुरारीदादा, ते म्हणतायत..."

"ऐकलं मी. त्यांना सांग, मला दांडा धरायला शिकवू नका."

"काका, ते म्हणतात..."

"ऐकला आमी," भिकाजी म्हणाला, तेही विनीतलाच.

असा तो सगळा चढ. हाड मोडलेला माणूस डोलीत पडून आमचे निरोप पोचवत होता. "त्यांना सांग, डावीकडं घ्या." "त्याला सांगा, दम लागला तर बोल." मधेच शुद्ध हरपल्यासारखा झाला तर दोन मिनिटं कोणाचंच कोणाला कळेना, आणि डोली एका जागी उभी. आता सांगताना हसू येतं. तेव्हा सातही जणांना खाली ढकलून द्यावंसं वाटत होतं, त्यात मीही आलोच.

रस्ता दहा हातांवर राहिला आणि माझ्या पायाखालचा दगड निखळला. डोलीचा मागचा सगळा भार माझ्यावर. मी गेलो असतो तर विनीतही जाणार होता.

"मुऱ्या! डावा पाय टाकू नको रं! झाड धर, झाड!"

मी झाड धरलं. मागे वळून बघायची गरज नव्हती. लहानपणापासून मला मुऱ्या म्हणणारा एकच माणूस आहे. विनीतला वर नेलं, रुग्णवाहिकेत घातलं. भिकाजी सारा वेळ हैबतीकाकाकडे बघत होता.

आठवड्यानं गावकी बसणार अशी आळीतली कुजबूज माझ्याही कानावर आली. भिकाजी म्हणे, हैबती वाळीतल्याशी बोलला. काका म्हणे, मी पाव्हण्याला ओरडलो. बाकीचे म्हणे, गडबडीत ऐकू आलं नाही. मला विचारलं असतं तर दोन शब्दांत निकाल लागला असता. पण मला विचारणं म्हणजे माझ्याशी बोलणं! तेव्हा ठरलं, पाव्हण्याला विचारा. त्याचा नंबर रुग्णवाहिकेत चढवताना भिकाजीनं घेतलाच होता.

संध्याकाळी मी पडवीत बसलो होतो. पुण्याहून विनीतचा फोन आला.

"दादा, भिकाजीकाकांचा निरोप आलाय. सात वाजता स्पीकरवर फोन करणार आहेत, त्या दिवशी कोण काय बोललं ते सांगा म्हणतात. काय प्रकार आहे? काय सांगू?"

काकाची नात स्नेहल. तिचं लग्न नऊ दिवसांवर होतं. आमच्याकडे लग्न म्हणजे घरचं कार्य नसतं, गावाचं असतं. मांडव गाव घालतं, पाणी गाव भरतं, पंगतीला गाव वाढतं. काका वाळीत गेला तर त्या पोरीच्या मांडवाला मेढ रोवायला माणूस मिळणार नव्हता. हे मला पुरतं कळत होतं. 'काका मला ओरडले' असं सांग, एवढं विनीतला म्हणणं पुरे होतं. त्या माणसानं मला हाक मारली नसती तर विनीत आज फोन करायला उरला नसता, हेही कळत होतं.

पण मला अंगणात पडलेली आई दिसली, आणि वर गेलेला पहिला हात.

"खरं ते सांग," मी म्हणालो.

विनीतनं खरं सांगितलं, अगदी गहिवरून. त्याला वाटलं आपण काकांचे उपकार सांगतोय. हैबतीकाकांनी मुरारीदादाला नावानं हाक मारली म्हणून मी जिवंत आहे, त्यांचा सत्कार करा, असंही म्हणाला म्हणे. गावकीनं सत्कार केला तो असा. त्याच बैठकीत काकाचं घर वाळीत.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? त्या रात्री मी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

सकाळी काका आमच्या दारात उभा. दोन वर्षांत पहिल्यांदा उंबऱ्याशी आला. हातात अक्षतांची वाटी. आई लगबगीनं बाहेर आली, डोक्यावरचा पदर सारखा करत.

"वयनी, स्नेहलचं लगीन हाय. येवा." मग माझ्याकडे बघितलं. "गावातलं कोन येनार नाय. सोयऱ्यांस्नी काल रातच्याला फोन केलं, तिकडची थोडी येतील. मांडव घालायला मी आन् तू, दोघंच."

आईचे डोळे भरून आले. "कुनी सांगितलं रं गावकीला?"

"त्या सायकलवाल्यानं. त्याला काय ठावं बिचाऱ्याला."

गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण ते 'बिचाऱ्याला' मला सोसलं नाही.

"मी सांगितलं त्याला. खरं सांग म्हनून," मी म्हणालो.

"म्हाईत हाय मला," काका म्हणाला. आवाज चढवला नाही, खालीही आणला नाही. "कुडाच्या पल्याडच बसलेलो. फोनवरचा तुझा शब्दन् शब्द ऐकला."

"मंग हाक का नाय मारलीस? मुऱ्या, असं नको करू म्हनायचं. नसतं केलं मी."

काका माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी अगदीच अडाण्यासारखं विचारल्यासारखा.

"तुझ्याशी बोलायचं नाय ना," तो म्हणाला. "तवा मी गावातच होतो, गावकी व्हायची होती अजून."

आईनं वाटीतल्या अक्षता घेतल्या. काका अंगणात उतरला आणि चार मेढींच्या जागा पावलांनी मोजायला लागला. मी पहार शोधायला आत गेलो, आणि ती समोर दिसत असूनही बराच वेळ मला बाहेर येता आलं नाही.