आधी खुशाली, मग कागद

"आँटी, आता मशीनलाच कान आहेत," असं म्हणत एलिकेमने माझा हेडफोन खुंटीला टांगला.

सगळे हसले. मीही हसले, पण वरवर. घानातल्या अक्क्राबाहेरच्या ह्या उपग्रह टेलिफोन केंद्रात अकरा वर्षं ते काम माझे कान करत होते. परदेशी जाणाऱ्या लाइनी थोड्या आणि बोलणारे फार, म्हणून आवाज दाबून एका लाइनीत चौघांचं बोलणं कोंबायचं. फॅक्सला ते चालत नाही, दाबला की कागदावरच्या ओळी फाटतात. फॅक्सची शिट्टी ऐकू आली की मी तो कॉल न दाबलेल्या, मोकळ्या लाइनीवर टाकायची. शिट्टी फॅक्सची कोणती आणि संगणकाच्या मोडेमची कोणती, मला झोपेतही सांगता आलं असतं.

नवं मशीन शिट्टी स्वतः ओळखायचं, पानाचं रूपांतर नुसत्या आकड्यांत करून ते पलीकडे धाडायचं. एका लाइनीत पाच-सहा फॅक्स मावायचे. ते शिकायला जपानला जायचं होतं. अर्ज माझाही होता, पण बाफूर साहेबांनी काल-परवा नोकरीला लागलेल्या एलिकेमला पाठवलं. खोटं कशाला बोलू, मी जळले. त्याने तिकडून आणलेल्या छत्रीवरसुद्धा जळले.

पहिल्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. फॅक्स फाटून पोचत होते. एलिकेम जेवण सोडून जाडजूड पुस्तकात डोकं घालून बसायचा.

"मी चाचणी घेतो तेव्हा सगळे नीट जातात हो!"

"का रे, जपानात हे शिकवायचं राहिलं वाटतं?" केंकीचा, आंबवलेल्या मक्याच्या उकडीचा, घास माशाबरोबर तोंडात टाकत मी म्हणायची.

मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. चाचणीतला फॅक्स लाइन जुळताक्षणी शिट्टी मारतो. आपल्याकडे असा कागद कोण पाठवतं? आधी फोन उचलायचा. घरचे कसे आहेत, आईचा गुडघा कसा आहे, तिकडे थंडी पडली का, सगळं विचारून झालं की मग "हं, दाब बटण, कागद सोडतो." मशीन पहिले दहा सेकंद ऐकून 'हे बोलणं' असं ठरवून टाकायचं आणि मागून आलेला कागदही बोलण्यासारखाच दाबायचं. ही विचारपूस मी अकरा वर्षं ऐकली होती, पण बोलले नाही. त्याचं उतरलेलं तोंड बघून मला बरं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी साहेबांनी एक फॅक्स टेबलावर आपटला. कुमासीहून हॅम्बर्गला गेलेला, एका म्हातारीच्या अंत्यविधीचा. तारखेची ओळ फाटली होती, नुसतं 'शनिवार' वाचता येत होतं.

"मुलगा आला," साहेब म्हणाले, "पुढच्या शनिवारी. आईला पुरून आठवडा झाला होता."

मी पुढ्यातलं जेवण बाजूला सारलं. साहेब गेल्यावर मी एलिकेमजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. त्याने मशीनला पूर्ण कॉलभर कान उघडे ठेवायला लावलं. मग हळूच विचारलं, "आँटी, हे कधी लक्षात आलं तुमच्या?"

"आत्ताच," मी म्हणाले.

त्याने मान डोलावली. साहेब परत आले तेव्हा म्हणाला, "आँटी अराबांनी शोधलं. मला ह्या जन्मात सापडलं नसतं." साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. मला वर बघवेना.

मग त्याने खुंटीवरचा हेडफोन काढून, मोठ्या माणसाला द्यावा तसा, उजव्या हाताने माझ्यापुढे धरला. "तुम्ही तपासा."

मी कानाला लावला. कुणी बाई लंडनला विचारत होती, पोरं खातात का नीट. मग म्हणाली, कागद सोडते. शिट्टी आली आणि लाइन बदलायला सवयीने माझं बोट वर गेलं.

मशीनने फॅक्स ओळखल्याचा हिरवा दिवा आधीच लागला होता. एलिकेमने माझं वर राहिलेलं बोट पाहिलं आणि न पाहिल्यासारखं करून वहीत काहीतरी लिहायला घेतलं.