साहेब बोलत का नाहीत?

त्या घरातल्या सगळ्यात लहान माणसाला सगळे 'साहेब' म्हणत. साहेबांचं वय अडीच वर्षं, उंची जेवणाच्या टेबलाच्या कडेइतकी, आणि हुकूम चालायचा तो नुसत्या बोटावर. बोट पाण्याच्या भांड्याकडे गेलं की आजी उठायची. चपलांकडे गेलं की बाबा दार उघडायचे. बोटाबरोबर एक 'अं' निघायचा, बस्स. 'आई' नाही, 'बाबा' नाही, 'दे' नाही, आणि 'नको'सुद्धा नाही. अडीच वर्षांच्या पोरीच्या तोंडी 'नको' नाही, असं घर तुम्ही पाहिलंय कधी?

पण या घरात कुणाला त्याची काळजी नव्हती, कारण आजीकडे उत्तर तयार होतं.

"हिचा बाप साडेतीन वर्षांचा होईपर्यंत तोंडातून शब्द काढत नव्हता. आणि आता बघा! वर्गातली पोरं तास संपायची वाट बघत बसतात."

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. तेही हसून भर घालायचे, "साहेब साठा करून ठेवताहेत, आई. एकदा सुरू झाल्या की आपल्याला कानात बोळे घालावे लागतील."

साहेबांची आई या विनोदाला पूर्वी हसायची. हल्ली तिला हसू येत नव्हतं.

तिचं काम दुकानोदुकानी जाऊन वजनं आणि तराजू तपासायचं. बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर दुरुस्तीला पाठवायचं. दुकानदार तिच्यामागे तिला 'काटेबाई' म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. माणूस शिस्तीचा, 'चालतंय की' हे उत्तर तिने कामावर कधी ऐकून घेतलं नव्हतं.

एका संध्याकाळी ती मुलीला न्यायला पाळणाघरात गेली, तेव्हा तिथल्या ताई तिला बाजूला घेऊन म्हणाल्या, "राग मानू नका हं. पण हिचे कान एकदा तपासून घ्या. मी पाठीमागून हळू हाक मारली तर ही बघत नाही. समोर गेले की लगेच हसते."

तिने घरी येऊन हे सांगितलं मात्र, सासूबाई ताडकन उठल्या.

"काहीतरीच! बहिरी आहे का माझी नात? थांब, आत्ता दाखवते."

साहेब जमिनीवर पाठमोऱ्या बसून ठोकळे रचत होत्या. आजीने स्वयंपाकघरातून पातेल्याचं मोठं झाकण आणलं आणि मागे जाऊन दिलं टाकून. खण्ण! साहेब दचकून वळल्या, झाकणाकडे बघून खुदकन हसल्या.

"झालं समाधान? लोकांचं काय जातं! उगाच पोरीच्या नावाला काहीतरी चिकटायचं, आणि मग ते जन्मभर निघायचं नाही."

काटेबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. खरं सांगायचं तर त्यांना पटवून घ्यायचंच होतं. आपल्या लेकरात काही कमी नाही हे ऐकायला कुठल्या आईला आवडत नाही?

पंधरा दिवस गेले. त्या एका जुन्या औषधांच्या दुकानात तपासणीला गेल्या. तिथले काका अजून काही पुड्या हाताने तराजूत तोलून द्यायचे.

"आमचा तराजू एकदम फर्स्ट क्लास, बाई," म्हणत काकांनी एका पारड्यात किलोचं वजन ठेवलं. पारडं धाडकन खाली गेलं. "बघा! मारा शिक्का."

"काका, किलोला तर मोडका तराजूही झुकेल," त्या हसत म्हणाल्या. "तुम्ही औषध किलोने देता का? बारीक वजन टाकून बघू."

त्यांनी चिमट्याने एक ग्रॅमचं वजन उचलून पारड्यात ठेवलं. तराजू हलला नाही. दोन ग्रॅम. तरीही नाही.

"दांडी ज्यावर डोलते ती आतली धार झिजलीय. मोठं कळतं याला, बारीक कळत नाही. याच्यावर शिक्का..."

चिमटा हातात तसाच! मोठं कळतं, बारीक कळत नाही. आणि आपण मुलीला काय टाकून तपासलं? झाकण!

"बाई, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?" काका घाबरले.

"नको, काका. एक शिक्का मी चुकीचा मारलाय. तो आधी पुसायचाय."

त्या तडक घरी गेल्या. साहेब खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. आई चार पावलं मागे थांबली आणि नेहमीच्या घरगुती आवाजात म्हणाली, "साहेब, बाहेर जायचं का?"

बाहेर जायला साहेब जेवण सोडून पळायच्या. पण त्या खिडकीबाहेरच बघत राहिल्या.

"बाहेर बघण्यात रमलीय," सासूबाई म्हणाल्या. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. त्या स्वतः पुढे झाल्या. "सोनू... माझं बाळ..." पुन्हा एकदा, "आजीकडे ये गं!" ज्या आवाजात त्या रोज अंगाई गाऊन नातीला झोपवायच्या, तोच आवाज. मूल वळलं नाही.

सासूबाई हळूच खुर्चीवर बसल्या. "म्हणजे मी इतके दिवस गात होते ते..."

"उद्या सकाळी जाऊ या, आई. तुम्हीही चला," सून एवढंच म्हणाली.

कानांच्या दवाखान्यातल्या तपासनीस बाईंनी मुलीच्या कानावर गोल यंत्र बसवलं, आणि आवाज ऐकू आला की डब्यात एक रंगीत मणी टाकायचा असा खेळ लावला. मोठ्या आवाजाला मणी पडत होता. आवाज लहान होत गेला तसे मणी हातातच राहू लागले.

"कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय," बाई म्हणाल्या. "कानात बोळे घालून जगावं तसं होतंय तिला. 'आ', 'ओ' थोडे पोहोचतात. 'स', 'त', 'फ' विरून जातात. जे ऐकलंच नाही ते ती बोलणार कसं? बरं होण्यासारखं आहे हे."

सासूबाईंचा पदर डोळ्यांना लागला. "मीच सगळ्यांना गप्प केलं. झाकण पाडलं आणि म्हटलं, पोरगी ठणठणीत आहे, हिचा बापही उशिराच बोलला."

"आजी, तुम्ही तपासून तरी पाहिलंत," बाई त्यांचा हात धरून म्हणाल्या. "उशिरा बोलणाऱ्या प्रत्येक मुलाचं कारण वेगळं असतं. कुणाचे कान, कुणाचं आणखी काही, आणि कुणाला खरंच थोडा वेळ हवा असतो. पण यातलं कुठलं, ते घरी बसून ठरवता येत नाही. तुमचा मुलगा उशिरा बोलला; तो त्याचा निकाल होता, हिचा नव्हे!"

पाणी आपोआप ओसरेना, तेव्हा कानतज्ज्ञांनी छोटी शस्त्रक्रिया करून कानांच्या पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. बोलण्याचा सराव करून घेणाऱ्या ताईंनी घराला नियम घालून दिला: बोट दाखवल्यावर लगेच धावायचं नाही. समोर बसायचं, शब्द म्हणायचा, मनात पाच मोजायचे आणि मग द्यायचं.

"पाच?" आजी हादरली. "तोवर पोरीचा घसा सुकेल!" पहिले काही दिवस तिचे पाच दोनातच संपायचे. बाबा म्हणायचे, "आई, तीन-चार कुठे गेले?"

कित्येक आठवडे काहीच झालं नाही. मग एका रविवारी दुपारी साहेबांचं बोट भांड्याकडे गेलं. आजी समोर बसली. "पाणी," ती म्हणाली आणि मोजू लागली. एक. दोन. तीन. साहेब तिच्या ओठांकडे टक लावून बघत होत्या. चार.

"पा."

भांडं आजीच्या हातात हिंदकळलं. अर्धं पाणी तिच्या मांडीवर सांडलं आणि तिला पत्ताही नव्हता. दारात उभी असलेली सून तोंडावर हात धरून हसत होती आणि रडतही होती.

"अजून 'णी' राहिलंय," तिच्यामागून बाबा म्हणाले.

"राहू दे," आजी नातीला छातीशी धरत म्हणाली. "मला कुठे घाई आहे?"

मित्रहो, मुलांसाठी थांबावंच लागतं. त्यांच्या शब्दांची वाट बघण्यासारखं सुख नाही. पण तपासणीच्या आधी थांबलो, तर ते मूल आपल्या अडचणीत एकटं राहतं. तपासणी करून, मदत मागून मग खुशाल थांबा. तेव्हा आपण त्याच्यासोबत थांबलेले असतो.