बूट घालून कुंडीत

मित्रांनो, अकोले तालुक्याच्या डोंगरातला, गडाच्या कुशीतला मी एक जुना झरा आहे. गोड गोष्ट ऐकायला बसला असाल तर आत्ताच उठा. मी संतापलो आहे.

माझं पाणी साठावं म्हणून वाडीच्या जुन्या माणसांनी दगड रचून कुंडी बांधली. वहाणा दहा पावलं लांब काढायच्या. कुंडीत वाडीचा एकच तांब्या बुडवायचा, दुसरं भांडं नाही. आणि पाण्यावर आलेल्याला अडवायचं नाही, मग तो कोणी का असेना. फार जपलं हो मला!

गेल्या वर्षी, बहात्तरला, पाऊस दगा देऊन गेला. खालच्या विहिरी आटल्या. यंदाच्या वैशाखात अख्खी वाडी माझ्या करंगळीएवढ्या धारेवर तगून होती.

एका रविवारी शहरातली मंडळी गड बघायला आली. वाडीची सून भागिरथी घागर भरत होती. पाहुणे दमलेत म्हणून ती तांब्या त्यांच्या हाती देऊन बाजूला झाली. तांब्या राहिला काठावर आणि हे बूट घालून उतरले की कुंडीत! साबण लावून अंघोळी केल्या, मटणाचं पातेलं तिथंच खंगाळलं, खरकटंही पाण्यातच. वर "काय गार पाणी आहे!" म्हणून मलाच शाबासकी. जळो ती शाबासकी!

भागिरथीला सगळं दिसत होतं. पण तिचा सासरा पुंजाराम यानं अडवायला कधी शिकवलंच नव्हतं. मंडळी गेल्यावर तिनं त्याच कुंडीतून घागर भरून घरी नेली.

तिसऱ्या दिवशी वाडीत जुलाब लागले. पुंजाराम अंथरुणाला खिळला.

"पानी उपसा समदं," भागिरथी म्हणाली.

"आन् प्यायचं काय?" तिची जाऊ रतनबाई ओरडली.

"इख पिन्यापरीस तहान बरी."

बायांनी रडत रडत कुंडी रिकामी केली. ती पुन्हा भरायला आठवडा लागणार होता. शुक्रवारी पुंजाराम गेला. शेवटी त्यानं माझंच पाणी मागितलं, आणि धारेखाली तांब्या भरून आणेपर्यंत उशीर झाला; सुनेला ते देता आलं नाही.

रविवारी नवी मंडळी आली. भागिरथी वाटेत आडवी उभी राहिली.

"घागरीतलं देते. कुंडीत उतरायचं न्हाई."

"कुंडी काय तुझ्या बापाची आहे?" एकानं विचारलं.

"सासऱ्याची हाय. परवा गेला. हेच पानी पिऊन गेला."

कोणी पुढं सरकलं नाही.

मित्रांनो, भागिरथी रोज उभी राहू शकत नाही, आणि मला तर हातच नाहीत. तुम्ही जे टाकाल, तेच मी पुढच्या घागरीत घालतो.