देठ नसलेल्या नऊ शेंगा

आमच्या संग्रहालयात वाळवलेल्या वनस्पतींचे साठ हजार नमुने आहेत. सगळे लोखंडी कपाटांत, डांबरगोळ्यांच्या वासात. त्यांतल्या एकाच नमुन्याला लाल फोल्डर आणि स्वतंत्र कुलूप आहे. तो सरांचा वृक्ष.

सर म्हणजे आमचे संचालक. सहा वर्षांपूर्वी कागदावर शिवलेल्या या एका नमुन्यावरून त्यांनी नवी प्रजाती जाहीर केली. प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा अख्खा गट. या गटात जात एकच होती, पण गटाला आपल्या सासऱ्यांचं नाव द्यायला तेवढी पुरते.

शेंगा धरणाऱ्यांचं हे कुळ अवाढव्य आहे. वाटाण्याच्या वेलापासून शंभर फुटी वृक्षांपर्यंत सगळे भाऊबंद. त्यातल्या एका शाखेची पानं दोनदा विभागलेली असतात, म्हणजे मधल्या दांडीला उपदांड्या आणि उपदांड्यांना बारीक पर्णिका. फुलं पावडर लावायच्या पफसारखी. दुसरीची कित्येक झाडं एकदाच विभागलेल्या पानांची, फुलं फुलपाखरासारखी. सरांच्या वृक्षाची पानं पहिल्या शाखेची होती आणि शेंगा दुसरीच्या: नाण्यासारख्या गोल, कडेने कागदी पंख, मधोमध एक बी. दोन शाखांना जोडणारा दुवा सापडला, असं सरांनी लिहिलं. त्याच लेखात ‘फुले पाहण्यात आली नाहीत’ असंही एक वाक्य होतं. ते कोणी मनावर घेतलं नाही.

नमुना आणला होता मेहुण्यांनी. ते सरांचे मेहुणे, पण कचेरीत शिपायापासून सगळेच त्यांना मेहुणे म्हणत. त्यामुळे संचालकांशी सगळ्यांचं थोडं थोडं नातं लागे.

परिसंवादाला पाच महिने असताना सरांनी तो नमुना माझ्याकडे दिला. बाहेरून पाहुणे येणार होते, वृक्ष काचेच्या चौकटीत बसणार होता. जुने टाके सैल झाले होते, ते मी नव्याने घालायचे होते. नऊ वर्षं मी हेच करते आहे, अकरा-अकरा महिन्यांच्या आदेशांवर. कायम नेमणुकीची माझी फाइल सरांच्या टेबलावर होती आणि तिच्यावर त्यांच्या शिफारशीची एक ओळ हवी होती.

टाके उसवले तेव्हा दिसलं, की नऊ शेंगांपैकी एकही फांदीला जोडलेली नाही. कोणालाच देठ नाही. फांदीशेजारी त्या सुबकपणे शिवल्या होत्या, एवढंच.

आमच्या कामात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात. एका झाडाला एक क्रमांक, आणि खाली पडलेलं काही उचललं तर ते वेगळ्या पाकिटात, तसं लिहून. मी मेहुण्यांना विचारलं. ते जराही ओशाळले नाहीत. त्यांचे गुडघे दुखत, झाडावर चढणं जमत नसे. फांदी आकडीने ओढली, शेंगांचा खाली ढीगच पडला होता, म्हणाले. शेजारी दुसरं झाड होतं का, हेही विचारलं.

“रानात झाडाशेजारी झाड असतंच की, बाई,” ते म्हणाले.

पंखाची शेंग आपल्याच झाडाखाली पडायची असती, तर तिने पंख कशाला काढले असते? पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. नमुन्यासोबत ठेवलेल्या जादा शेंगांच्या पाकिटातल्या चार बिया रजिस्टरमध्ये नोंद करून कुंडीत लावल्या. एक उगवली. पहिली पानं साधी आली. या वृक्षांची पहिली पानं फसवतात, म्हणून सातव्या पानापर्यंत थांबले. सातवं पान एकदाच विभागलेलं होतं. मी कुंडी सरांच्या टेबलावर, फाइलीशेजारी ठेवली.

सरांनी रोपाकडे कौतुकाने पाहिलं. “लहानपणी सगळेच आजोळावर जातात,” ते म्हणाले. मी देठांचं सांगितलं. ते ऐकून त्यांनी दार लोटून घेतलं आणि फार मायेने म्हणाले, “फाइल या आठवड्यात वर जायची आहे. परिसंवाद होऊ दे. मग बघू कुंडीचं.”

घरी सगळं सांगितलं. नवरा भांडी पुसत होता. झाडाचं नाव चुकलं म्हणून झाड वाळतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ते आधीच वाळवलेलं आहे. सासूबाई मात्र गंभीर होत्या. “आधी कायम हो, मग काय ते खरं बोल,” त्या म्हणाल्या. “तेव्हा तुझं कोण काय वाकडं करणार?”

सल्ला चोख होता. कायम झाल्यावर खरं बोलणार होते, असे तिघे जण माझ्याच मजल्यावर बसतात. एकाला पुढच्या वर्षी निवृत्ती आहे.

दुसऱ्या दिवशी मी टाके घातले. मग नियमाप्रमाणे नमुन्याच्या उजव्या कोपऱ्यात फेरतपासणीची चिठ्ठी चिकटवली: ‘मिश्र नमुना. पाने एका वृक्षाची, शेंगा दुसऱ्याच्या. दोन्ही परिचित.’ खाली नाव, तारीख. आमच्याकडे जुनी चिठ्ठी कोणी काढत नाही, चुकीची असली तरी. नवं मत असेल तर शेजारी नवी चिठ्ठी लावायची. हे मला सरांनीच शिकवलं होतं आणि त्यांनी ते पाळलं. माझी चिठ्ठी फाडली नाही. तिच्या शेजारी आपली लावली: ‘मूळ मतावर ठाम.’ खाली सही, तीही कायम शाईत.

परिसंवादात नमुना दोन्ही चिठ्ठ्यांसह चौकटीत होता. एका म्हाताऱ्या पाहुण्या बाईंनी भिंग काढून नऊही शेंगा पाहिल्या, देठ शोधला आणि माझी चिठ्ठी वहीत उतरवून घेतली. सर तेव्हा दुव्यावर बोलत होते. टाळ्या चांगल्या पडल्या.

आठवड्याने फाइल परत आली. शिफारशीच्या जागी सरांच्या वळणदार अक्षरात ओळ होती: ‘काम अत्यंत अचूक. कायम करण्याची घाई नको.’ सोबत नवा आदेश, अकरा महिन्यांचा.

मी रजिस्टर काढून मोजलं. मेहुण्यांनी आणलेले आणखी चारशे बारा नमुने कपाटांत आहेत. दिवसाला दोन धरले, तर अकरा महिने पुरतात. पहिला आज सकाळी उघडला.