सैतानाकडची तिसरी रांग

आमच्या ट्राउबेनाउमध्ये बाईचा नवरा गेला तर गाव चार दिवस हळहळतं, पण चर्चमधली तिची जागा गेली तर तिला तोंड दाखवायला जागा उरत नाही. डावीकडच्या पहिल्या बाकावर गावप्रमुखाची बायको वाल्बुर्गा, तिच्यामागे गिरणीवालीण, तिच्यामागे दारूची पिंपं बनवणाऱ्या वेंडेलची बार्बेल. पुढे ज्याचा द्राक्षमळा जेवढा, तेवढी त्याची बायको पुढे. माझी थोरली बहीण आपोलोनिया पाचव्या बाकावर आणि मी तिला खेटून. सगळ्यांत मागे, दारातल्या पवित्र पाण्याच्या भांड्याजवळ, म्हातारी ट्रीने उभी असायची. ती पाव मागून खायची. मागून खाणारीला बाक नसतो.

त्या वर्षी मे महिना संपत आला असताना अशी थंडी पडली की वेलींचे कोवळे फुटवे काळे ठिक्कर पडले. पाद्रीबाबा म्हणाले, तुम्ही नदीपलीकडच्या, लुथरचा नवा पंथ धरलेल्या लोकांशी बोलता, म्हणून देवाने सैतानाला मोकळं सोडलंय. पलीकडचा पाद्री सांगत होता की अलीकडचे लोक मूर्ती पुजतात, म्हणून. थंडी एकच, पण तिची चेटकीण दोन्ही काठांवर वेगवेगळी शोधत होते!

ताईच्या वेली तेवढ्या वाचल्या. तिचा मळा उन्हाकडच्या दगडी भिंतीला लागून होता. दगड दिवसभर तापतात आणि रात्री ऊब देतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण ताई विधवा, पोटी मूलबाळ नाही, आणि भिंतीपलीकडचा मळा गावप्रमुख योब्स्टचा. ती जमीन त्याच्या डोळ्यांत कधीची खुपत होती. त्यात वाल्बुर्गा पावाचं आंबवण मागायला आली, तेव्हा ताई म्हणाली होती, "तुमच्या घरी गेलेलं आंबवण परत येत नाही, बाई." चेटकीण व्हायला बाईला आणखी काय लागतं!

बिशपसाहेबांनी डॉक्टर फाबर नावाचा कायदेपंडित धाडला. ताईला द्राक्षं पिळायच्या घराच्या माडीवर नेलं. टेबलावर अंगठे चिरडायचा पेच, ताटाशेजारी चमचा ठेवावा तसा नीट मांडून ठेवला होता. आरोपीचं जेवण घरच्यांनीच पोचवायचं, म्हणून मी जवाचं सूप घेऊन गेले, तर जिना बायकांनी भरलेला. खोटं वाटेल, पण जिन्यावरही त्या बाकांच्याच क्रमाने उभ्या होत्या. सर्वांत वरच्या पायरीवर दाराला कान लावून वाल्बुर्गा. मी आपली पाचव्या पायरीवर.

"डोंगरावर सैतानासोबतच्या नाचाला कोण कोण होतं?" आतून डॉक्टरचा आवाज आला.

"साहेब, मी गेलेच नाही तर कसं सांगू?"

"पेच लावा हिला."

"थांबा, थांबा! सांगते."

नाव घेतलं तर ते माणूस मेलं, न घेतलं तर माझी ताई.

"पहिल्या रांगेत बार्बेल," ताई खणखणीत बोलली. "वेंडेलची. सैतानाच्या उजव्या हाताला. तिला चांदीचा पेला दिला होता."

तिसऱ्या पायरीवर बार्बेल पांढरीफटक पडली. आणि मग, माझ्या डोळ्यांदेखत, तिने डोक्यावरची टोपी सरळ केली.

"दुसऱ्या रांगेत गिरणीवालीण."

"दुसरी तर दुसरी," गिरणीवालीण पुटपुटली.

"आणि तिसऱ्या रांगेत वाल्बुर्गाबाई. त्यांना लाकडी वाटी."

धाडकन दार उघडलं. "तिसरी? मी? त्या पिंपवालीच्या मागे?" वाल्बुर्गा आत घुसली. "खोटारडे! मी कुठेही गेले तरी पहिल्या रांगेतच बसते!"

"कुठेही?" डॉक्टरने विचारलं.

"कुठेही!"

"डोंगरावरसुद्धा?"

"डोंगरावर तर आधी! सैतान झाला म्हणून काय त्याला माणसांची पारख नाही?"

"आहे म्हणूनच तर!" जिन्यावरून बार्बेल ओरडली.

डॉक्टरशेजारी बसलेला योब्स्ट ताडकन उठला. "अहो, लिहू नका! बायको बरी नाहीये माझी!"

"लिहून झालं," जबानी उतरवणारा कारकून म्हणाला.

मग योब्स्ट आणि डॉक्टर दार लावून बराच वेळ बसले. आत डुकराची भाजलेली तंगडी गेली, वाइन गेली. शेवटी डॉक्टरने बाहेर येऊन निकाल दिला: रांगांचा क्रम चुकलेला आहे, तेव्हा हा नाच झालेलाच नाही. आपोलोनियाने घरी जावं.

घरी मी तिच्या गळ्यात पडून रडले. ती गार सूप पीत बसली होती. "ताई, तुला हे सुचलं तरी कसं?"

"सुचलं कसलं! वाल्बुर्गाला एकदा तिसऱ्या रांगेत बसवायचं, ही माझी लग्नापासूनची इच्छा. म्हटलं, मरायच्या आधी पुरी करून घ्यावी."

पण वेली तर थंडीने जळलेल्याच होत्या, आणि रिकाम्या हाताने परत गेला तो डॉक्टर कसला. वड्याचं तेल वांग्यावर निघालं. दुसऱ्या दिवशी ट्रीनेला माडीवर नेलं. जिन्यावर कुणीही आलं नाही. खालच्या अंगणात उभं राहून मी ऐकत होते.

"नाचाला कोण कोण होतं?"

"मला नाही दिसलं हो, साहेब," ट्रीने म्हणाली. "मी नेहमी मागेच उभी असते. मागून काही दिसत नाही."

ती बिचारी चर्चबद्दल बोलत होती. लोक पुढे बसतात ती जागा तिला एवढी एकच ठाऊक होती. कारकुनाने लिहिलं: हजर होती, मागे उभी होती. शनिवारी तिला जाळलं. सरपण योब्स्टच्या मळ्यातल्या वाळलेल्या वेलींचं होतं. मेल्यांनो, तुमच्या पोटात अन्न तरी कसं गेलं त्या दिवशी!

रविवारी ताई पाचव्या बाकावर आलीच नाही. ती पवित्र पाण्याच्या भांड्याजवळ, ट्रीनेच्या जागी उभी राहिली. मी खुणा केल्या, पाद्रीबाबा प्रवचन थांबवून बघत राहिले, पण ती हलली नाही. प्रार्थना संपायच्या आतच मागच्या बाकावरच्या दोघी माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवरून भांडायला लागल्या. एकीने तर आपली शाल टाकून जागा धरलीसुद्धा.

माझं डोकं फिरलं. मी उठले आणि मागे जाऊन ताईच्या शेजारी उभी राहिले. मागून खरंच काही दिसत नव्हतं. आता जागा दोन झाल्या होत्या, त्यामुळे त्या दोघींचं भांडण मात्र लगेच मिटलं.