वित्स्के काय ओरडायची

"सहाही ठिकाणी चूक आहे," वित्स्के फोनवर म्हणाली. "'हाऽत' नाही ते."

पलीकडे आइंडहोवनला बसलेला त्वान हसला. वय चाळिशीचं, म्हणजे तिचा 'रॉट्टे बीट' हा बँड जोरात होता तेव्हा हा पाळण्यात. तरी त्यांची जुनी रेकॉर्ड पुन्हा काढायला निघाला होता. शिळ्या कढीला ऊत आणायची हौस असते एकेकाला. गाण्यांचे शब्द त्यानंच कान लावून कागदावर उतरवले होते आणि तपासायला तिच्याकडे पाठवले होते, कारण चौघांत ओरडणारी ती. ओरडणारीच म्हणायचं. हार्डकोअर पंकमध्ये गातंय कोण? नरड्याच्या शिरा ताणायच्या, दीड मिनिटात गाणं संपवायचं, की पुढचं.

हाऽत म्हणजे डचमध्ये द्वेष; त्यानं तेच ऐकलं होतं. त्यानं विचारलं, मग काय आहे ते?

"हाइत."

तो फ्रिसलँडच्या बाहेरचा. हाइत म्हणजे तिकडच्या भाषेत बाप, हे त्याला समजावून सांगावं लागलं.  मग लोणी लावल्यासारखा म्हणाला की बाई, त्या शेवटच्या ओळीसाठीच तर लोक रेकॉर्ड मागतात. द्वेष, द्वेष, द्वेष. ब्राझीलमधल्या एकानं तर छातीवर 'हाऽत' गोंदवून घेतलंय. आता तिथं बाप छापला तर लोक म्हणतील छापखान्यानं माती खाल्ली.

"तोंड माझं होतं," ती म्हणाली.

"हो, पण कान लोकांचे ना."

 छाप तुला काय छापायचं ते, म्हणून तिनं फोन ठेवला.

वित्स्के एकोणसाठ वर्षांची. लेवार्डनच्या एका धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या चादरी घडी करायची. लग्न केलं नाही, मांजर पाळलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात दुसरा आवाज म्हणाल तर पाण्याच्या नळाचा. तिचा स्वतःचाही धड राहिला नव्हता. तीन वर्षं ओरडून घेतलं, पुढं दुखणं अंगावर काढलं. आता बोलली की करपलेलं पातेलं खरवडावं तसं वाटायचं. डॉक्टरनं बजावलं होतं, उरलाय तो जपून वापरा.

ते गाणं बँडमधल्या ओन्नोनं लिहिलं होतं. पोलीस, रिकामी घरं, घुसलेली पोरं, सगळं होतं त्यात. शेवटी मात्र त्याची अक्कल संपली. म्हणाला, "इथं काहीतरी ओरड."

त्या साली फेब्रुवारीत आई गेली होती. जूनमध्ये बापाची नवी बायको आउक्ये स्वयंपाकघरात उभी, अंगावर आईचा एप्रन. बापानं सांगितलं नाही, पोरीनं विचारलं नाही. एकाला झाकावं आणि दुसरीला काढावं. त्या घरात बापाला 'तू' म्हणायचं नसतं, 'तुम्ही'ही नाही. हाइत कॉफी घेतील का, हाइत दमले का, असंच विचारायचं. बापाशी बोलायचं तर वाट त्या एका शब्दातूनच. वित्स्केनं जूनमध्ये तो शब्द गिळला आणि घर सोडलं. ओन्नोनं गाण्यात भोक ठेवलं, तिथून तो बाहेर आला. सहा वेळा. रोज लोक मुठी वर करून 'हाऽत' ओरडायचे, आणि ती त्यांना सांगायची नाही.

बाप एकदाच आला, ड्राख्तनच्या हॉलमधल्या कार्यक्रमाला. दुधाच्या टँकरवरनं उतरून घरी जाऊन, चर्चचा काळा कोट घालून दाराशी उभा राहिलेला तिनं स्टेजवरून पाहिला. त्याला ऐकू जावं म्हणून त्या दिवशी ती जीव तोडून ओरडली. सहावा शब्द संपला तेव्हा दार हलत होतं आणि तो नव्हता.

आउक्ये चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून वित्स्के दर बुधवारी डोक्कुमजवळच्या वृद्धाश्रमात बापाला भेटायला जायची. "कॉफी हवी?" "थंडी वाजते?" शब्द चुकवून बोलायची तिला इतकी सवय झाली होती, की जिभेला आपोआप वळण यायचं.

त्या बुधवारी जेवणघरात तिनं विषय काढलाच. ड्राख्तनचा तो हॉल आठवतो का?

बापाचं, सित्सेचं, वय शहाऐंशी, कान गेलेले, डोकं शाबूत. त्यानं बिस्किटाचा चुरा बोटानं एका जागी गोळा केला.

"न आठवायला काय झालं? सगळे द्वेष द्वेष ओरडत होते. तू सगळ्यांत जोरात. म्हटलं, पोरगी एवढं सांगतेय तर तोंड कशाला दाखवायचं."

"द्वेष नव्हतं ते."

"काय?"

ती पुढं वाकून पुन्हा म्हणाली.

"काय? खालच्या आवाजात बोलतेस तू. तोंडात बटाटा धरल्यासारखं."

भोवती दहा-बारा म्हातारी माणसं सूप ओढत होती. वित्स्के उभी राहिली, दोन्ही तळवे टेबलावर टेकवले आणि डॉक्टरनं राखायला सांगितलेला होता नव्हता तेवढा सगळा आवाज एका शब्दावर घातला.

"हाइत."

चमचे थांबले. सेविका दारातून धावत आली. एका आजोबांनी युद्ध सुरू झालं की काय म्हणून विचारलं.

हाइत तिच्याकडे बघत राहिले. 

"ओरडतेस कशाला," ते म्हणाले. "इथंच तर आहे मी."

"तेव्हाही मी हेच ओरडत होते," ती म्हणाली; म्हणजे म्हणायला गेली. तोंडातून नुसती हवा आली. हाइतनी मान हलवली. पण बहिऱ्या माणसाचं काय, तो पावसालाही मान हलवतो, उकडलेल्या बटाट्यालाही.

पलीकडच्या हिल्त्येबाईंनी खुर्चीसकट वळून विचारलं की सित्से, झालं तरी काय?

"काही नाही," हाइत म्हणाले. "पोरगी हाक मारत होती."

आत्ताचं बोलत होते की चाळीस वर्षांपूर्वीचं, तिला विचारायचं होतं. नरडं साथ देईना. कोट अंगातच होता. एरवी एका कपानंतर ती उठायचीच. कॉफीची किटली घेऊन फिरणाऱ्या बाईनं लांबूनच विचारलं, आणखी देऊ का कुणाला?

हाइतनी दोन बोटं वर केली.