अंड्यांवरची सावली

ते पत्र म्हाताऱ्याने उत्तर न देता शब्दकोशात दडवून ठेवलं होतं. पक्षिमंडळाच्या चिटणीस असलेल्या, दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यात विचारलं होतं: टेकडीवर तुम्हाला दिसलेला तो दुर्मिळ रातवा आम्हाला दाखवाल का? त्याला 'नाही' लिहायचं होतं. पण छापखान्यात जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढलेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य धड वाटेना.

ऐन उन्हाळ्यातल्या एका रविवारी बाई दारात हजर. सोबत त्यांचा धाकटा भाऊ, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा.

"काका, उत्तर आलं नाही, म्हणून होकारच समजले."

"घ्या," त्याची बायको आतून म्हणाली. "आमच्या लग्नाच्या वेळीही हे असेच गप्प बसले होते. मीही होकारच समजले."

वाटेत तो मुद्दाम रेंगाळला. ओढ्याकाठी पंखांना शेपट्या असलेलं, सहसा न दिसणारं निळं फुलपाखरू सापडलं, तेव्हा वाटलं, एवढ्यावर भागेल. पण कॅमेऱ्याचं पोट भरेना.

"रातवा वर असतो ना?" भावाने विचारलं.

"लांबूनच पाहू," तो पुटपुटला. "सध्या विणीचे दिवस..."

ऐकायला भाऊ होता कुठे? तो केव्हाच वाट सोडून उतारावर चढला होता.

त्याच्या बुटापुढचा पाचोळा एकदम उडाला आणि पक्षी झाला. थोडं पुढे जाऊन तो एक पंख फरफटत लंगडू लागला.

"जखमी दिसतोय," म्हणत भाऊ हरखून त्याच्या मागे लागला.

म्हाताऱ्याने पक्षी उडाला त्या जागी पाहिलं. उघड्या खडीवर दोन अंडी. घरटं नाही, काडी नाही, वरून सूर्य आग ओकतोय. इतका वेळ मादीने अंगाची सावली धरली होती. आता आतली पिल्लं जागच्या जागी शिजणार.

तो लगबगीने जाऊन अंड्यांवर वाकून उभा राहिला. सावली पडली, पण धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. तो तिथे असेपर्यंत मादी फिरकणार नाही. तो हलला तर ऊन. आणि भाऊ तिच्या मागे असेपर्यंत सगळंच फुकट.

"खाली चला," तो म्हणाला.

"एकच फोटो, काका."

"कॅमेरा ठेव. ती जखमी नाही, तुला लांब नेतेय. तिची अंडी इथे भाजताहेत."

आवाज एवढा चढला की तो स्वतःच दचकला. डॉक्टरीणबाईंनी भावाचा दंड धरला आणि दाढ उपटावी तसं त्याला उतारावरून खाली ओढलं.

मग म्हाताऱ्यालाही आपली सावली काढून घ्यावी लागली. पाय उचलेना. तरी उचलला.

तिघे खालच्या झाडाआड बसले. म्हाताऱ्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. तिच्यातून दिसत होती फक्त खडी, अंडी आणि ऊन.

"येईल ना?" बाईंनी विचारलं.

त्याला ठाऊक नव्हतं. पुस्तकात 'बहुधा' असं होतं.

भावाने कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण लावलं. किती वेळ गेला कोणास ठाऊक. खडीतला एक दगड किंचित हलल्यासारखा वाटला. पुन्हा हलला. मग अंड्यांवर येऊन त्या दगडाने पंख पसरले.

घरी निरोप घेताना भाऊ खालमानेने म्हणाला, "पुढच्या रविवारी लांबूनच फोटो काढला, तर चालेल ना काका?"

म्हाताऱ्याने सवयीने नुसती टोपी सारखी केली. ती दोघं गेली.

"झालं," बायको म्हणाली. "हाही होकारच धरतील."

त्याने आत जाऊन शब्दकोशातून बाईंचं पत्र काढून समोर ठेवलं. या वेळी मसुदा न करता सरळ उत्तर लिहिलं: 'नाही. पिल्लं उडेपर्यंत तिकडे कोणीच जायचं नाही, मीसुद्धा. उडाली की मीच बोलावेन.' खाडाखोड तशीच ठेवून त्याने पाकीट चिकटवलं, पायात चपला अडकवल्या आणि कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकलं. तळाशी पडल्याचा आवाज ऐकूनच तो माघारी वळला.